तूबाखानमने धुतलेला कोट

आमच्या सासूबाई गप्प बसल्या की समजावं, एकतर त्या झोपल्यात, नाहीतर घरात काहीतरी भयंकर घडलंय. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी त्यांनी दारातच माझ्याशी बोलायला सुरुवात केली, आणि ते बोलणं अजून संपलेलं नाही. तूबाखानम त्यांचं नाव. भात निवडताना बोलतात, लसूण सोलताना बोलतात, नमाजाला उभं राहण्याआधी अल्लालाही चार शब्द जास्तीचे ऐकवतात. अशा बाईचा संसार कुणाशी व्हावा, तर आमच्या सासऱ्यांशी. आगाजान म्हणतो आम्ही त्यांना, पण नाव ऐनुल्ला. त्यांचा उभा जन्म तोंड मिटून राहण्यात गेला, कारण त्यांचं कामच तसलं.

गावाबाहेर आमचा तलाव आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी भाताला जातं, भात घरात आलं की तो पुन्हा भरतो, आणि मग उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेली रानबदकं थव्याथव्याने त्यात उतरायला लागतात. तिथून पुढे वसंतापर्यंत आमचं गाव दबक्या आवाजात जगतं. लग्न निघालं तर ढोल नाही. तलावाच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न नाही, दार आपटणं नाही. बंदुकीचं तर नावच नको. मागे एकाने उडवली होती, त्याला अजून कुणी चहाला बोलावत नाही.

तलावाचे बोरूच्या उंच कुडांनी भाग पाडलेले आहेत आणि एकेका भागाला एकेक राखणदार. राखणदाराची स्वतःची पाळीव बदकं असतात, त्यांना आम्ही वाटाडी म्हणतो. संध्याकाळी ती रानबदकांच्या संगतीने उडून शेतांत चरायला जातात. पहाटे त्यांना घर आठवतं, घर म्हणजे राखणदाराच्या हातातला दाणा. ती परततात, त्यांच्या मागोमाग बिचारी रानबदकंही येतात, आणि मग राखणदार जाळं ओढतो. आगाजानांनीही कैक वर्षं ओढलं. मग एका हिवाळ्यात त्यांनी जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. "पुरे झालं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या पाण्यात नुसता दाणा पडतो, आणि काठावरच्या बोरूच्या झोपडीत बसून शहरातली माणसं पक्षी बघतात. सासूबाई मात्र अजून कुरकुरतात. "बदकवाल्याची बायको मी, आणि अक्रोड-डाळिंबाचं कालवण करायचं कोंबडीचं. लोक हसतात."

आमच्या पाण्याला लागून नादअलीचं पाणी. तो अजून जाळं ओढतो. माणूस वाईट नाही, उसनं मीठ मागायला गेलं तर पोतं काढून देईल, पण बदकांच्या बाबतीत कुणाचा सगा नाही. आणि आमच्याकडे जुना रिवाज आहे. वाटाडी बदकं ओळीने तीन सकाळी ज्याच्या पाण्यात उतरतील, त्याची ती त्या हिवाळ्यापुरती. पूर्वी बदकांवरून काठ्या चालायच्या, म्हणून म्हाताऱ्यांनी हे ठरवून ठेवलंय. यात वाद नाही, रदबदली नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता कोटाची गोष्ट सांगायची आहे.

वाटाडी बदकं राखणदाराला त्याच्या दिसण्यावरून ओळखतात. म्हणून त्याने पहिल्या दिवशी जो कोट घातला, जी टोपी घातली, तीच पक्षी परत जाईपर्यंत घालायची. धुवायची नाही. आगाजान तर हिवाळा संपल्यावरही धूत नसत, तोच कोट पुढच्या वर्षी चालू. चिखल, शेवाळ, दाण्याचा भुसा, बदकांची कृपा, सगळं त्या कोटावर थरावर थर चढलेलं. मी त्याचा रंग काळा समजत होते. घरात आणायची सासूबाईंची बंदी होती, म्हणून तो बाहेरच्या खिळ्यावर असायचा. "तो खिळा बघ," त्या मला म्हणायच्या, "तो माझी सवत आहे."

या वर्षी दै महिन्यात, थंडी ऐन भरात असताना, आगाजानांच्या छातीत कळ आली. माझा नवरा सियामक त्यांना गाडीत घालून बाबोल शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. गाडीत बसवतानाही त्यांच्या हातात दाण्याचं घमेलं होतं, सोडायलाच तयार नव्हते.

"तूबा, दाणा," एवढंच म्हणाले.

"मी घालते," सासूबाई म्हणाल्या. "उभा जन्म तुमच्या पोटात घालतेय, बदकांना घालायला काय वेगळं शिकायचंय? जा तुम्ही. आणि डॉक्टरशी तरी दोन शब्द बोला, नाहीतर तो दुसऱ्याचंच ऑपरेशन करेल."

तलावाच्या आत आजवर बाई गेली नव्हती. बाईला बोलल्याशिवाय राहवत नाही, असं पुरुष म्हणायचे, आणि म्हणताना आमच्या घराकडे बघायचे. पण सासूबाईंना कुणाची परवानगी घ्यायची सवय नाही. त्या आगाजानांच्याच उंचीच्या, कोट बरोबर बसला असता. माझ्या अंगावर तो जमिनीला लोळला असता, म्हणून माझा प्रश्नच आला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी खिळ्यावरून कोट उतरवला. दोन बोटांत धरला, उजेडात नेला, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. करपलेलं पातेलं दिसलं की येतं ते.

"ननेजान, नको," मी म्हटलं. सासूबाईंना आम्ही ननेजान म्हणतो.

"अगं, आत जाऊन थंडीने मेलेबिले, तर मला अंघोळ घालायला आलेल्या बायका काय म्हणतील? हिच्या अंगावर हे काय निघालं?"

"आगाजान म्हणतात, धुवायचा नसतो."

"आगाजान जेवायच्या आधी हातही धूत नाहीत. त्यांचं ऐकत बसले असते तर हे घर राहिलं असतं का?"

आणि धुतला. कढत पाण्यात भिजवला, साबणाने चोळला, पाणी बदलून पुन्हा चोळला. मोरीतून तलावाचा अर्धा गाळ वाहून गेला असेल. मग शेगडीवर वाळत घातला. कोट निळा निघाला. चांगला गडद, आकाशी झाक असलेला निळा. सासूबाई कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बाबोलच्या बाजारातून मीच आणला होता हा," त्या म्हणाल्या. "निळा होता म्हणूनच आणला होता. विसरलेच होते मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कोट घालून, टोपी घालून, घमेलं कमरेला लावून ऐटीत निघाल्या. मी बांधावर उभी होते. आमची बदकं परतली, मागे रानबदकांचा मोठा थवा. खाली आली, सासूबाईंवरून एक फेरा घेतला, आणि सगळीच्या सगळी वर उठून पलीकडे नादअलीच्या पाण्यात उतरली. थोड्या वेळाने कुडापलीकडून जाळं पडल्याचा आवाज आला. तो आवाज मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला. आमच्या बदकांना काही होत नाही, त्यांना नादअली सोडून देतो. पण त्यांच्या भरवशावर मागे आलेल्यांचं काय झालं, हे सांगायला नको.

सासूबाई घरी आल्या आणि बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या, पण बोलल्या नाहीत. 

दुसऱ्या सकाळी त्यांनी दुप्पट दाणा नेला. "भूक लागली की येतील, पुरुषाची आणि बदकाची जात एकच," असं म्हणून गेल्या. बदकांनी दोन फेरे घेतले आणि पुन्हा नादअलीकडे. पुन्हा जाळ्याचा आवाज. आता एकच सकाळ उरली होती. ती गेली की वाटाडी नादअलीची, आणि मग सगळा हिवाळा आमचीच बदकं त्या रानबदकांना जाळ्यात नेऊन घालणार. आगाजानांनी ज्यासाठी जाळं माळ्यावर टाकलं, ते सगळं पाण्यात. आणि डॉक्टरने बजावलं होतं, त्यांच्या कानावर वाईट बातमी घालू नका.

संध्याकाळी त्यांचा फोन आलाच. "आली का?" त्यांनी विचारलं.

"आली होती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गोळ्या घेतल्या का?" आणि फोन माझ्याकडे देऊन परसात गेल्या. तिथे त्या रडत होत्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, "कांदा चिरत होते." हातात कांदा नव्हता.

आगाये सोलूती, म्हणजे सोलूतीसाहेब, आदल्या संध्याकाळीच सगळ्या सामानासकट आले होते. सारी नावाच्या शहरातले एक निवृत्त शिक्षक. दर हिवाळ्यात येतात, दुर्बीण लावून झोपडीत बसतात आणि आमच्याकडेच जेवतात. त्यांना सगळं कळलं होतं. जेवताना ते हळूच म्हणाले, "तूबाखानम, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांगा. रागाचं नंतर बघू."

"तुम्ही बदकांकडे बघता. आज मी झोपडीतून पाहिलं, ती आली की तुम्ही मान वर करून टक लावून बघता. ऐनुल्ला कधीच बघत नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना बघतोय, आत गेले की त्यांची नजर पायाशी."

"मग काय करू? आयुष्यभर यांची पिसं काढली, जिवंत बदक असं डोक्यावरून जाताना कधी बघितलं होतं मी? किती सुंदर दिसतात मेली."

"टक लावून बघतो तो शिकारी. त्यांना तेवढंच माहीत आहे."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. मग उठल्या, कोट घेतला आणि म्हणाल्या, "चला दोघं." आम्ही तिघं तलावाच्या कडेला गेलो, कोट गाळात बुडवला, पायांनी तुडवला, वर भुसा चोळला. सोलूतींचे शहरी बूट गेले कामातून, पण माणूस मनापासून तुडवत होता. "धुवायला एक रात्र लागली," सासूबाई पुटपुटत होत्या, "आणि मळवायला म्हाताऱ्याला जन्म लागला होता." कॉलरच्या आतला निळा रंग काही केल्या जाईना. तो तसाच राहिला.

घरी येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. एकदम त्यांचा उजवा पाय ओढायला लागला.

"ननेजान, पाय मुरगळला का?"

"गप. मला चालू दे." आगाजानांना म्हशीने कधीकाळी मारलं होतं, तेव्हापासून त्यांचा उजवा पाय ओढतो. दहा-बारा पावलं टाकली की ते थांबतात, खाकरतात, कंबरेचा पट्टा वर ओढतात. सासूबाई थांबल्या. खाकरल्या. पट्टा ओढला. मागून बघताना मला क्षणभर वाटलं, आगाजान घरी आले.

"त्याची वाट बघत दारात उभी राहून म्हातारी झालेय मी," त्या वळून म्हणाल्या. "त्याची चाल मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे."

तिसऱ्या पहाटे मी सोलूतींबरोबर झोपडीत जाऊन बसले. एकदा आत बसलं की पक्षी संध्याकाळी उठेपर्यंत बाहेर पडायचं नाही, हा नियम. मी इतकी वर्षं या गावात, पण झोपडीत बसायची ही पहिलीच वेळ. बोरूत पाडलेल्या भोकातून तलाव दिसत होता, त्यावर धुकं, आणि लांब दक्षिणेला अल्बोर्झ डोंगरावरचं बर्फ नुकतं उजळायला लागलेलं. थंडीने माझे दात वाजत होते, तर सोलूतींनी ओठावर बोट ठेवलं.

सासूबाई आल्या. उजवा पाय ओढत, मान खाली घालून. थांबल्या, खाकरल्या, पट्टा ओढला. घमेल्यात हात घातला आणि दाणा पाण्यावर फेकला. वर बघितलं नाही.

मग पंखांचा आवाज आला. आमच्या बदकांच्या पुढे एक म्हातारा हिरव्या डोक्याचा नर असतो, त्याला घरात सगळे कदखुदा म्हणतात, म्हणजे गावचा पाटीलच. तो पुढे आणि मागे सगळा थवा. पहिला फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला ती नादअलीच्या कुडाकडे झुकली. सासूबाईंनी वर बघितलं नाही. मला इतकं म्हणावंसं वाटत होतं, बघू नका, आणि त्या बघतही नव्हत्या. त्यांनी दुसरी मूठ फेकली, पाय ओढत दोन पावलं पुढे टाकली आणि खाकरल्या.

कदखुदाने पंख आवरले आणि त्यांच्या पायाशी पाणी उडवत उतरला. त्याच्यामागे आमची बाकीची. आणि मग रानबदकं, इतकी, की पाणी दिसेना. सोलूतींनी माझा हात घट्ट धरला होता. दोघांच्याही ते उशिरा लक्षात आलं.

दाणा संपवून सासूबाई बांधाच्या आडोशाला बोरूत जाऊन बसल्या, आगाजान बसतात तिथेच. आणि मग सुरू झाला तो दिवस. सोलूती दुर्बीण माझ्याकडे द्यायचे आणि कानात पुटपुटायचे. पळीसारख्या चोचीने पाणी गाळत फिरणारा तो थापट्या. शेपटीला सुई लावल्यासारखं ते तलवार बदक, त्याची मान तर कुणी खडूने रेघ ओढावी तशी. दुपारी कलहंस आले, घरच्या म्हाताऱ्यांसारखे कुरकुरत, आणि चांगली जागा बघून बसले. मी कित्येक वर्षं यांना उशांच्या पिसांतच ओळखत होते. मधूनच मी बोरूकडे बघायची. सासूबाई तशाच बसलेल्या. ना हलत, ना बोलत. आमच्या सासूबाई. गावात सांगून कुणी खरं मानलं नसतं.

दुपार कलत असताना बांधाच्या टोकाला एक माणूस दिसला. नारिंगी रंगाचं भडक जाकीट, हातात काठी, दाढी गुळगुळीत काढलेली. मागे सियामक. इस्पितळातून सोडलं तर म्हातारा घरी जायला तयार होईना, तडक इथे आला होता. सियामकने त्यांना ऊब राहावी म्हणून आपलं जाकीट घातलं होतं.

कदखुदाने मान ताठ केली. सगळ्या तलावावर माना ताठ झाल्या. आमच्या बदकांनी त्यांच्या अन्नदात्याकडे बघितलं, आणि कदखुदा भीतीने ओरडला. आगाजान जागच्या जागी थांबले. पाणी उकळायच्या बेतात असावं तसं सगळं थरथरत होतं, अजून एक पाऊल पडलं असतं तर सगळं उडालं असतं. ते तसेच मागे सरकले, अगदी हळू, आणि दिसेनासे झाले.

थोड्या वेळाने ते मागच्या आडवाटेने वाकून झोपडीत आले. चेहरा पांढराफटक. मी त्यांना माझी जागा दिली, पाणी दिलं.  पलीकडे नादअली आपल्या कुडावरून डोकावत होता. त्याने तलाव बघितला, बोरूतली कोटातली बाई बघितली, आणि हात कपाळाला लावून खाली उतरला. तिसरी सकाळ आमची झाली होती.

सोलूतींनी दुर्बीण आगाजानांच्या डोळ्यांसमोर आणली. त्यांनी आधी मान फिरवली. मग बघितलं. बघत राहिले. काठीवरचा हात त्यांनी छातीवर नेला.

"आगाजान, त्रास होतोय का?" मी कुजबुजले.

त्यांनी मान हलवली. मग इतक्या हळू बोलले की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. "मी यांच्याकडे कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. "आधी मारायची होती, म्हणून. आणि नंतर लाज वाटायची, म्हणून."

त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मलाही रडू आलं. सोलूती भोकातून बाहेर बघत बसले.

ऊन गेलं, थंडी वाढली, आणि एकाएकी सगळं पाणी आवाज करत वर उठलं. पक्षी शेतांकडे निघून गेले. सासूबाई बोरूतून उठल्या, आखडलेली कंबर सरळ केली आणि सवयीने पाय ओढतच झोपडीत आल्या. आगाजानांना बघून थबकल्या. आता सगळी तोफ सुटणार, असं मला वाटलं.

"कोट धुतला मी," एवढंच म्हणाल्या.

"दिसलं," आगाजान म्हणाले. "कॉलर निळी आहे."

"उद्या कोण जाणार? तुम्ही?"

"तू. मला ओळखत नाहीत ती आता."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी इथे बसतो. माझं अजून बघून झालेलं नाही."

सासूबाईंनी डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली, कान झाकले, आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. मग बांधावर आल्या आल्या त्यांनी तोंड उघडलं. सकाळपासूनचं सगळं, कालचं, परवाचं, डॉक्टरचं, सियामकच्या जाकिटाचं. दबक्या आवाजात, हिवाळा होता म्हणून, पण घरापर्यंत थांबल्या नाहीत. आणि आम्ही मागून ऐकत होतो तर आगाजान मधेमधे त्यांना तोडून बोलत होते. तूबा, त्या थापट्याची चोच बघितलीस का, म्हणत होते. तूबा, ऐक तर.